केसरीनाथच्या पार्टीतला कीबोर्ड

"बंद कर रं त्ये!" रघू ओरडला.

नवा कीबोर्ड घेऊन आलेल्या भावेशने त्यावरचं बोट उचललं. बोट एकच होतं, पण ते टेकलं की आतून ढोलकी, बेंजो, पेटी असा सगळा ताफा एकदम वाजायला लागायचा. याला अरेंजर कीबोर्ड म्हणतात, हे तो सकाळपासून चौथ्यांदा सांगत होता. मानकोलीला केसरीनाथच्या बंगल्यापुढच्या शेडमध्ये हळदीत गाणी वाजवणाऱ्या पार्टीची तालीम चालली होती. शनिवारच्या हळदीला कोणाला न्यायचं, ते आज ठरणार होतं. ठरवणार केसरीनाथ. गायक तो, पार्टी त्याच्या नावाची आणि शेडही त्याचीच.

रघू तीस वर्षं ढोलकी वाजवत होता. एरवी नारपोलीत कापडाच्या लूमवर ड्युटी. तिथल्या खडखडाटात त्याला कोणी नावाने हाकही मारत नसे. हळदीत मात्र त्याची थाप पडली की म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचून उठायच्या. तेवढ्यासाठी तो आठवडा काढायचा. आज तेही जाणार, अशी त्याला भीती होती.

"पेटी बरी वाजते. बेंजो तर झ्याक," तो म्हणाला. "पन ढोलकी? मेलेली हाय. तिला नाचनारी मान्सं दिसतात का?"

"उलटं हाय," बेंजोवाला कुमार म्हणाला. "ढोलकी एक नंबर. मधीच तंबाखू मलाला थांबत न्हाय. बेंजोच तेवढा पत्र्यावानी वाजतो." खुद्द कुमारचा बेंजो गेली सात वर्षं सुरात लावलेला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

पेटीवाले देवेशसर शहरात क्लास घेत. त्यांनी चष्मा पुसला. "ढोलकी, बेंजो ठीक आहे हो. पण एका बोटात अख्खा कॉर्ड, तीन-तीन सूर एकदम? आम्ही वर्षानुवर्षं बोटं झिजवली ती काय उगाच?"

तिघेही तावातावाने कलेविषयी बोलत होते. प्रत्येकाच्या मते कला फक्त त्याच्याच वाद्यात होती. बाकीच्यांचं काम मशीनला सहज जमण्यासारखं होतं.

केसरीनाथने अंगठ्यांनी भरलेला हात वर केला. असे प्रसंग त्याला फार आवडत. "तुमी समदे जुन्यातच अडकलाव. जमान्यासंगं चालाय पायजे. मशीन दमत न्हाय, रुसत न्हाय, मटन कमी पडलं म्हनून तोंड फुगवत न्हाय. शनवारी मी आनि भावेश. बस."

"दादा, तुझ्या सोताच्या हलदीला मी वाजवलंय," रघू म्हणाला.

"तवा मशीन नव्हती," केसरीनाथ म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. मग त्याने तोंडात पान कोंबलं.

रघू ढोलकी खोळीत घालू लागला. त्याचे डोळे भरून आले होते आणि खोळीच्या नाडीची गाठ काही केल्या बसत नव्हती. कोणीच त्याच्याकडे बघत नव्हतं.

भावेश मात्र हरखून गेला होता. "दादा, अजून एक गंमत. तुमचं धा वर्षांपूर्वीचं गानं भरलंय यात." त्याने बटण दाबलं.

शेडमध्ये केसरीनाथचा आवाज घुमला. भरदार, स्वच्छ आवाज. हल्ली वरची ओळ आली की केसरीनाथ माइक लोकांपुढे धरायचा. हा आवाज सरळ वर चढला आणि तिथेच ठाण मांडून बसला. आतून सीताबाई, केसरीनाथची काकी, पिठाच्या हातांनीच धावत बाहेर आली.

"केसरी, आज किती ग्वाड गातंस रं!"

केसरीनाथचं तोंड मिटलेलं होतं. त्याने कसंबसं पान गिळलं.

"काढून टाक त्ये!" तो खेकसला. "गानं काय डब्यात भराची चीज हाय?" आणि आधारासाठी त्याने तिघांकडे पाहिलं.

सकाळपासून पहिल्यांदाच तिघांचं एकमत झालं. कुमार म्हणाला, असा गायक पार्टीला आजवर मिळाला नव्हता. देवेशसर म्हणाले, अगदी सुरात आहे. रघूने ढोलकी पुन्हा मांडीवर घेतली.

"भावेश, यातला दादाचा आवाज तेवढा ठेव," तो म्हणाला. "बाकीचं वाजवाला आमी हाव."