शाब्बास, कॅप्टन!

भर दुपारी, अरबी समुद्रावर, समोरचा लाल दिवा लागला तेव्हा कॅप्टन मंदाकिनी बेंद्रे डबा खात होत्या. घास चावता चावताच त्यांनी बटण दाबलं.

"मॅडम, तुमचा हात म्हणजे वीज!" सहवैमानिक डिमेलो म्हणाला.

एकोणीस वर्षं विमानं स्वतःच उडत होती. एकदाही चुकली नव्हती. वैमानिक पेंगू नयेत म्हणून यंत्रच अधूनमधून खोटा दिवा लावी. बटण दाबलं की दिवा विझे आणि गोड आवाज येई, "शाब्बास, कॅप्टन!" वैमानिकाला एवढंच काम उरलं होतं, बढतीही त्यावरच मिळे.

आज दिवा विझला नाही. शाब्बासकीही आली नाही. विमानाचं नाक हळूहळू खाली कललं.

"मॅडम, दिवा खरा असला तर काय करायचं असतं?"

मंदाकिनीबाईंनी पुन्हा तेच बटण दाबलं.