गोवराची खोली

"बाहेर या. आधी बाहेर या!" डॉक्टर दक्षा दारातूनच ओरडल्या.

भिकीने मान वर केली. तिच्या मांडीवर चिमीचं डोकं होतं. सात वर्षांची चिमी तापाने फणफणली होती. तोंड आतून सोललेलं, त्यामुळे कालपासून पाण्याचा घोटही घेत नव्हती. भिकी चमच्याने तिच्या ओठांत पेज सोडत होती. खोलीत अशा अकरा मुली होत्या. सगळ्यांना गोवर.

तलासरीच्या डोंगरपट्ट्यातल्या या आश्रमशाळेत गोवर शिरून पाच दिवस झाले होते. आजारी मुलींसाठी एक खोली वेगळी केली होती. अधीक्षिका संगीता पाच महिन्यांची गरोदर. उंबरा ओलांडायचा नाही, असं तिला डॉक्टरांनीच बजावलं होतं. स्वयंपाकिणींच्या घरी तान्ही पोरं. त्या ताटं दाराशी ठेवून मागे फिरत. आत गेली ती फक्त भिकी. अठ्ठावन्न वर्षांची, शाळेची भांडी घासणारी.

ती पदराला हात पुसत व्हरांड्यात आली.

"मावशी, गोवराची लस घेतलीय कधी?"

"आमच्या टायमाला कुठली लस, बाय?"

"मग आत कशा बसता? या वयात गोवर फुप्फुसात उतरला तर जड जाईल."

"पण पोरींना कोण बघणार? गोवर कसा असतो ते मला ठाऊक हाय. मला आलेला, लहानपणी."

डॉक्टर थांबल्या. पण लगेच विश्वास ठेवायला त्या तयार नव्हत्या. अंगावर पुरळ उठलं की लोक गोवरच म्हणतात. कधी कांजण्या असतात, कधी नुसतं घामोळं.

"नीट सांगा. काय काय झालं होतं?"

भिकी सांगू लागली. आधी खोकला, वाहतं नाक. डोळे लाल झाले, उजेड सोसेना, म्हणून बापाने दारावर गोणपाट टांगलं. चौथ्या दिवशी कानामागे पुरळ उठलं. तिथून तोंडावर, मग पोटावर, शेवटी पायांवर. उतरताना अंगाचा कोंडा पडला.

दक्षांनी पुस्तकात वाचलं होतं, तेही याच क्रमाने.

"जा आत," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत चिमी प्यायली नाही, तर डहाणूला नेऊन सलाईन लावावं लागेल."

भिकी आत गेली. अंगणात लांब उभ्या असलेल्या संगीताला नवल वाटलं. "मॅडम, तिला कसं चालतं?"

"एकदा गोवर झाला की रक्तातल्या काही पेशी त्याला जन्मभर ओळखतात. तो पुन्हा आला की त्याने हातपाय पसरायच्या आत त्याला संपवतात. लस हेच शिकवते, माणसाला आजारी न पाडता." मग त्या शाळेतल्या बाकीच्या मुलींना लस टोचायला गेल्या.

पाचच्या सुमारास ॲम्ब्युलन्स फाटकाशी येऊन उभी राहिली. तोवर चिमीच्या पोटात अर्धी वाटी पेज गेली होती. मग तिने पाणी मागितलं. गाडी रिकामी परत गेली.

तीन आठवड्यांनी डॉक्टर तपासणीला आल्या. अकराही मुली वर्गात बसल्या होत्या. नवा रुग्ण नव्हता. भिकी नळावर पातेली घासत होती.

"मावशी, तुम्हाला साधी शिंकही आली नाही," दक्षा हसून म्हणाल्या. "एकदा झालेला गोवर परत होत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच आत शिरलात ना?"

भिकीचा हात थांबला.

"परत होत नाय?"

"म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाय. मला वाटलेलं, येल परत." तिने पातेलं खाली ठेवलं. "तेव्हा आमच्या घरात सगळीच आडवी झालेली. पाड्यातली माणसं भाकर कुंपणाशी ठेवून जायची, आत कुणी येत नव्हतं. माझा धाकटा भाऊ पाणी पाणी करत गेला, बाय. मी बाजूलाच होते. मला उठवत नव्हतं."