वीसपैकी वीस

“वीसपैकी वीस.” तक्रार विभागातल्या अधिकारी बाईंनी कागद टेबलावरून पुढे सरकवला. “परीक्षेत पूर्ण मार्क, आणि अर्जात म्हणताय, यांना परकीय चलनाच्या व्यवहारातलं ओ की ठो कळत नव्हतं. खरं काय धरू?”

घड्याळजी खुर्चीच्या कडेवर टेकला होता. शेजारी त्याची दहावीतली लेक. अर्ज तिनेच लिहिलेला. ती सगळ्यांच्या चुका काढायची, म्हणून बाप तिला मास्तरीण म्हणायचा. नजर अधू झाली तसं त्याने दुकान विकलं होतं. तो पैसा मास्तरणीच्या पुढच्या शिक्षणाचा. एका ब्रोकरकडे खातं उघडून केलेल्या चलनाच्या सौद्यांत तीन महिन्यांत सगळा बुडाला.

“ती परीक्षा मी दिली,” मास्तरीण म्हणाली.

“गप गं.”

“का गप? बाई, धोका कळल्याशिवाय कुणाला सौदे करू द्यायचे नाहीत, असा नियमच आहे ना? बाबा एकदा नापास झाले होते. पुन्हा झाले असते तर वर्षभर खातंच उघडता आलं नसतं. मामा त्याच ब्रोकरकडे नोकरीला, तो खातं उघडाच म्हणून घरी येऊन बसलेला. बाबांचं तोंड एवढंसं झालं होतं. मला बघवेना. ते अंघोळीला गेले तेवढ्यात मी त्यांच्या फोनवर पेपर सोडवून टाकला. अकरा मिनिटांत.”

मामाने तिला टाळी दिली होती. बाप ओल्या केसांनी बाहेर आला, फोनकडे बघत राहिला, आणि म्हणाला, “शाबास.” आनंदाने बाबांना शब्द सुचत नाहीयेत, असं तिला वाटलं होतं.

“परीक्षा नक्की कोण देतंय, हे ब्रोकरने बघायला हवं होतं. तेवढा मुद्दा मी घेते,” बाई म्हणाल्या. “पण ‘कळत नव्हतं’ हे टिकणार नाही. हा यांचा पहिला पेपर. शून्य मार्क.”

“मग? मी तेच तर म्हणतेय.”

“अगं, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. डोळे मिटून खुणा केल्या तरी चार-पाच बरोबर येतात. इतकी वर्षं हे पेपर बघतेय, शून्य कुणाला पडलेलं पाहिलं नाही.”

मास्तरणीने कागद ओढून घेतला. पहिलं उत्तर चूक. दुसरं चूक. सातव्या प्रश्नाला बापाने आधी बरोबर पर्याय निवडला होता. नऊ सेकंदांनी तो बदलला होता. दोन्ही वेळा शेजारी छापलेल्या होत्या. अकराव्यालाही तेच. सतराव्यालाही.

तिचं बोट तिथेच थांबलं. सगळी उत्तरं चुकवायची तर सगळी यावी लागतात, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

“बाबा, तुम्हाला येत होतं.”

घड्याळजीने तिच्याकडे पाहिलं नाही.

“तुझ्या आईच्या आजारपणात मामा वर्षभर दवाखान्यातल्या बाकावर झोपला गं. त्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होतो?” तो हळूच म्हणाला. “म्हटलं, कायदाच नाही म्हणेल.”