परवानगी लागते

"परवानगी लागते ना?" नंदितानं खिडकीच्या जाळीशी वाकून विचारलं.

पलीकडच्या माणसानं मान वर केली नाही. त्याच्या खिशावरच्या पट्टीवर कल्याणराम असं नाव होतं. "कसलं काम?" त्यानं तमिळमध्ये विचारलं.

"मागच्या परसातलं न्हाणीघर. जुना संडास काढून कमोड बसवायचा आहे. भिंतीला धरायला दांडी. आणि खाली उतरायच्या तीन पायऱ्यांना कठडा."

"घर कुठे?"

तिनं गल्ली सांगितली, दार क्रमांक बावीस म्हणाली. त्याचं पेन थांबलं. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि तंजावुरी मराठीत विचारलं, "सीतारामरावांची लेक का तुम्ही?"

"हो."

अप्पांना जाऊन अठरा दिवस झाले होते. आईसाठी काम करून घ्यायचं आहे, असं ती घरी सांगून आली होती. ते खोटं नव्हतं. पण महानगरपालिकेचे दोन जिने चढताना तिच्या मनात आई नव्हती. तिला या खिडकीतून एकच शब्द ऐकायचा होता.

गेल्या जुलैत, आडी महिन्यात, अप्पांनी तिला चेन्नईला फोन केला होता. "नंदे, त्या पायऱ्यांची आता भीती वाटते ग. न्हाणीघर नीट करून घेऊ?" ती मीटिंगच्या दारात उभी होती. काम निघालं की गवंड्याचे फोन येणार, रजा काढावी लागणार, शनिवार-रविवार तंजावूरच्या बसमध्ये जाणार, हे सगळं तिला एका क्षणात दिसलं. "अप्पा, आपलं घर किल्ल्याजवळ आहे. परवानगी लागते. मी चौकशी केली आहे. सवड झाली की बघते, तोवर काही फोडू नका."

तिनं कुणाकडेही चौकशी केली नव्हती.

"होय का? मग थांबतो," अप्पा म्हणाले होते. त्यानंतर त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही. फोनवर ती जेवली का, एवढंच विचारायचे. दिवाळीला ती आली, तेव्हा भिंतीला तळवा टेकून ते त्या पायऱ्या उतरले होते आणि वळून तिच्याकडे पाहून हसले होते. मार्चमध्ये मधल्या पायरीवर त्यांचा पाय घसरला. नंतरचे पाच आठवडे ते अंथरुणावरच होते.

नियम खरोखरच असेल, तर आपण फक्त विचारायचं राहून गेलेली मुलगी ठरू. नसेल तर काय, ते तिनं मनातसुद्धा पूर्ण केलं नव्हतं.

"लागते," कल्याणराम म्हणाला. पेनाचं टोपण तो बोटांत फिरवत होता. "किल्ल्याचा भाग आहे. नकाशा, अर्ज, पाहणी. चार-पाच महिने सहज जातात."

नंदिता बाजूच्या बाकावर बसली. पिशवीतून बाटली काढून ती पाणी प्यायली. अठरा दिवसांत पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला. वडील गेले आणि आपल्याला हलकं वाटतंय, याची लाज वाटली. पण ती लाज लहान होती. तिच्याबरोबर राहता आलं असतं.

खिडकीशी आता पांढरी वेष्टी, लुंगीसारखं धोतर, नेसलेले एक म्हातारे गृहस्थ उभे होते.

"सार, बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. खाली बसायचं नाही म्हणतात. कमोड बसवायचा आहे, धरायला दांडी हवी. कुठला फॉर्म भरू?"

"घर कुठे?"

त्यांनी गल्लीचं नाव सांगितलं. नंदिताची गल्ली. दार क्रमांक एकोणीस.

"त्याला कसला फॉर्म, पेरियवर?" वडीलधाऱ्यांना हाक मारावी तसं कल्याणराम म्हणाला. "घरातलं काम. उद्या प्लंबरला बोलवा."

"किल्ल्याजवळ आहे म्हणून विचारलं. नंतर कुणी येऊन दंड लावायला नको."

"तुमची गल्ली त्या हद्दीत येत नाही. आजवर कधी आली नाही. निवांत जा."

म्हातारे हात जोडून निघून गेले. नंदिता उठली आणि रांगेत न थांबता खिडकीशी गेली. मागून कुणीतरी ओरडलं, "लाइन, अम्मा, लाइन! आम्ही काय इथे देवदर्शनाला उभे आहोत?"

"एकोणीस आमच्या समोरचं दार आहे," ती म्हणाली.

कल्याणरामनं टोपण पेनावर बसवलं. मागच्या माणसाला त्यानं हातानंच थांबायला सांगितलं.

"मला हे नीट जमलं नाही, अक्का," तो म्हणाला. "राव स्वतः आले होते इथे. गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी. काठी टेकत दोन जिने चढले. मी त्यांनाही हेच सांगितलं. काही लागत नाही, उद्या सुरू करा. ते त्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. जाताना म्हणाले, माझी लेक एक दिवस विचारायला येईल. ती आली, तर लागते म्हणून सांगा."

नंदितानं जाळी धरली होती. जाळीचे चौकोन तिच्या बोटांत रुतत होते.

"मग त्यांनी काम का नाही करून घेतलं?"

"मीही विचारलं ते." कल्याणराम टेबलाकडे बघत होता. "म्हणाले, केलं तर दिवाळीला आल्यावर तिला दिसेल. मी इथे विचारून गेलो, हे कळेल."