ताजं दुखणं आधी

"आता काय लोणचं घालायचं काठीचं?" असं म्हणत सोम्यानं सागाची काठी उखळावर आपटून मोडली आणि दोन्ही तुकडे चुलीत सरकवले. "आज जाताना झोळीतून. येताना पायांनी. सगळ्या पाड्यानं बघावं."

त्याची बायको फागी फुंकणी हातात धरून बघतच राहिली. "आधी पाय तर बरा होऊ द्यायचा. मग जाळायची."

"तुझा विश्वास हाय का नाय?"

"विश्वास हाय. काठी पण होती."

चहा मात्र झकास उकळला.

दोन वर्षांपूर्वी छपरावरून पडल्यापासून सोम्याचा डावा पाय वाळत चालला होता. जव्हारचे हेमंत पास्टर दर रविवारी सांगायचे, मोडलेलं नीट करीन असं देवानं वचन दिलंय, आणि देव शब्द फिरवत नाही. या रविवारी ते खास सोम्याच्या पायावर हात ठेवून प्रार्थना करणार होते. त्यासाठी सोम्यानं मोखाड्याहून नव्या चपला मागवल्या होत्या. जोडी. दुकानदार एक देत नाही म्हणून नव्हे, दोन्ही लागणार म्हणून.

फागीचा भाऊ गोकुळ आणि आणखी तिघांनी बांबूला चादर बांधली, तिच्यात सोम्याला घातलं आणि सूर्यमाळचा उतार धरला. चपला सोम्याच्या छातीवर. फागी मागून चालत.

"दाजी, बरा झालास की पहिला मला उचलायचा," गोकुळ म्हणाला. "बांबूनं खांदा सोलला."

"उचलतो की. पाठकुळी घेऊन नाचतो."

दम खायला म्हणून त्यांनी झोळी खाली ठेवली, ती नेमकी लाल मुंग्यांवर. उजव्या पायाला लगेच कळलं. डाव्याला कळलं नाही.

रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थनेला माणसं जमली होती, पास्टर नव्हते. येतील त्या सगळ्या गाण्यांची दोनदा उजळणी झाली. अकराच्या सुमाराला दोघांच्या खांद्यांवर लोंबकळत पास्टर आले. रस्त्याखालच्या खचलेल्या मोरीत त्यांची मोटारसायकल गेली होती. घोटा भोपळ्यासारखा सुजला होता. ॲम्ब्युलन्सला फोन लागला, पण ती मोरीच्या पलीकडेच थांबणार होती.

सगळ्यांनी झोळीकडे बघितलं. झोळीत सोम्या.

"ताजं दुखणं आधी," गोकुळ म्हणाला. पाड्याची रीतच ती. "तुझं जुनं हाय, दाजी. उतर."

"दोन वर्षं थांबलोय मी!"

"म्हणून तर. तुला सवय हाय."

सोम्याला चटईवर ठेवलं, पास्टरांना झोळीत.

"आणि माझी प्रार्थना?" सोम्या ओरडला.

पास्टर भला माणूस. दात आवळून झोळीतून वाकले, सोम्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घाईघाईनं, पण अगदी मनापासून, येशूच्या नावानं देवाला त्याच्या शब्दाची आठवण करून दिली. आमेन म्हणता म्हणता स्वतःच कळवळले. झोळी उचलली.

"पास्टर, तो उजवा!" सोम्या मागून ओरडला. "माझा डावा हाय!"

झोळी वळणाआड गेली. गोकुळच्या पायात सोम्याच्या नव्या चपला होत्या. डांबर तापलंय, तुला आत्ता कशाला लागतात, असं म्हणून त्यानं त्या घातल्या होत्या.

शेड रिकामी झाली. सोम्यानं उठायला म्हणून बाजूला हात चाचपला, सवयीनं. काठी नव्हती. फागीनं बघितलं.

"भलत्याच पायावर हात ठेवला," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "सगळं फुकट."

"देवाला ठाऊक नाय का कोणता ते?" फागी म्हणाली, आणि त्याचा डावा पाय मांडीवर ओढून चोळायला लागली.

संध्याकाळी झोळी परत आली. उजवी चप्पल मोरीत पडली होती. गोकुळनं डावी तेवढी आणून सोम्यापुढे ठेवली.