पट्ट्यातली धडधड

वैजयंताकाकींनी मनगटावरच्या पट्ट्याला हळद-कुंकू लावलं आणि टीव्ही सुरू केला. नदीपलीकडच्या कॉलेजशी फुटबॉलचा सामना, त्यामुळे कोल्हापुरात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांच्या लेकाच्या, विश्वजितच्या कॉलेजला नव्या लीगमध्ये घेतलं होतं ते एकाच अटीवर: खेळाडूंच्या काळजाची धडधडसुद्धा चॅनेलच्या मालकीची. चॅनेल घेतलं की हव्या त्या खेळाडूची धडधड पट्ट्यात जाणवायची. जाहिराती लागल्या की पट्टा गप्प व्हायचा, आणि काकी चहा टाकून यायच्या.

आज विश्वजितचं काळीज नुसतं उधळलं होतं.

फोन वाजला. काकींनी टीव्हीचा आवाज बंद केला. राखीव खेळाडूंच्या बाकावरून सत्यजित रडत बोलत होता.

"काकी, विश्वा मैदानातच कोसळलाय. उठंना झालाय. डॉक्टर छाती दाबायला लागलेत."

"काय भलतंच बोलतोस रे! पळतोय की टीव्हीवर. धडधड लागतीया माझ्या हाताला."

"टीव्हीवरचं नि पट्ट्यातलं सगळं चार मिनिटं मागं असतंय, काकी. जाहिराती बसवायला."

फोन तुटला.

पडद्यावर विश्वजितनं चेंडू घेतला आणि तो गोलकडे धावत सुटला.

"थांब, लेकरा, थांब," काकी पुटपुटल्या. पट्टा दुसऱ्या हातानं घट्ट धरून त्यांनी डोळे मिटले. धडधड वाढत गेली, अडखळली, पुन्हा लागली.

मग पट्टा गप्प झाला.

जाहिरातच लागली असेल, काकींनी स्वतःला सांगितलं. डोळे उघडून बघायचा धीर मात्र त्यांना होईना.