शेजाऱ्यानं चूक काढायची

"फार-फेच्ड म्हणजे ओढूनताणून आणलेली, कुणाला खरी न वाटणारी कल्पना," मृण्मयीनं फळ्यावर लिहिलं. "वाक्य मराठीत चालेल, पण हा शब्द त्यात हवा." ज्येष्ठ नागरिक संघाच्या इंग्रजी वर्गाची रीत ठरलेली होती: एकानं वाक्य करायचं, शेजारच्यानं त्यातली चूक काढायची.

पोतनीस उठले. "सूनबाई मला गुलाबजाम वाढेल, ही कल्पना फार-फेच्ड आहे."

"बरोबर आहे," शेजारचे भिडे म्हणाले. "शुगर बघा की याची!"

वर्ग हसला.

मग देवस्थळी उठले. बायको गेल्यापासून चुरगळलेल्या सदऱ्यात फिरणारा हा माणूस आज चक्क इस्त्री करून आला होता. शेजारच्या खुर्चीवर हेमलताबाई होत्या. त्याही एकट्याच.

देवस्थळींनी घसा खाकरला. "या वयात हेमलताबाई मला लग्नाला होकार देतील, ही कल्पना फार-फेच्ड आहे."

या वेळी कुणीच हसलं नाही.

"म्हणजे... आपलं उदाहरण म्हणून," ते पुटपुटले.

हेमलताबाईंनी पदरानं चष्मा पुसला आणि सावकाश डोळ्यांवर चढवला.

"चूक आहे," त्या म्हणाल्या. "तो शब्द इथे लागूच पडत नाही. बसा आता, गुडघे दुखतील."